हिंकल फील्डहाउस

हिंकल फील्डहाउस हे अमेरिकेच्या इंडियाना राज्याची राजधानी इंडियानापोलिस येथील बटलर विद्यापीठाचे बंदिस्त क्रीडागृह आहे. ७ मार्च १९२८ रोजी सुरू झालेली ही वास्तू बास्केटबॉलच्या आजही वापरात असलेल्या अमेरिकेतील सर्वात जुन्या क्रीडागृहांपैकी एक आहे. प्रारंभी तिचे नाव ‘बटलर फील्डहाउस’ असे होते. १९६६ साली विद्यापीठाचे दीर्घकाळचे प्रशिक्षक पॉल ‘टोनी’ हिंकल यांचे नाव तिला देण्यात आले. ही वास्तू विद्यापीठाच्या मालकीची असली, तरी तिची कीर्ती मुख्यतः शालेय स्पर्धांमुळे झाली. इंडियानाच्या शालेय बास्केटबॉल स्पर्धेचे अंतिम सामने १९२८ ते १९७१ या काळात, युद्धाची तीन वर्षे वगळता, येथेच झाले. १९५४ साली मायलन या लहान गावाने आणि १९५५ साली क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळेने येथे मिळवलेली विजेतेपदे अमेरिकेच्या क्रीडा इतिहासात महत्त्वाची मानली जातात.

पार्श्वभूमी आणि बांधकाम

विसाव्या शतकाच्या आरंभी इंडियाना राज्यात बास्केटबॉल हा गावोगावचा खेळ झाला होता. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावत आणि शाळेच्या संघाचा सामना हाच गावाचा करमणुकीचा व अभिमानाचा विषय असे. राज्य शालेय स्पर्धेत लहानमोठ्या सर्व शाळा एकाच गटात खेळत. ही पद्धत १९९७ पर्यंत टिकली. त्यामुळे शे-दीडशे विद्यार्थ्यांच्या शाळेलाही मोठ्या शहरातील शाळेशी झुंजण्याची संधी मिळे.

बटलर विद्यापीठ १९२८ मध्ये शहराच्या पूर्वेकडील अर्विंग्टन भागातून फेअरव्ह्यू पार्क या नव्या परिसरात आले. तेथे मोठे क्रीडागृह उभारण्यासाठी शहरातील ४१ व्यावसायिकांनी एकत्र येऊन भांडवल जमवले. राज्य शालेय स्पर्धेचे अंतिम सामने येथे भरवण्याचा करार झाल्यामुळे एवढ्या खर्चाला आधार मिळाला. एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाने सुमारे १५,००० प्रेक्षकांची वास्तू बांधण्याचे धाडस केले, त्यामागे हा करार होता. १९५० पर्यंत हे देशातील सर्वात मोठे बास्केटबॉल क्रीडागृह मानले जात असे.

रचना

वास्तुरचनाकार फर्मोर स्पेन्सर कॅनन यांनी या इमारतीचा आराखडा तयार केला. विटांच्या भिंतींवर उंच कमानदार छप्पर असून ते पोलादी कमानींनी तोलले आहे. आत मधोमध खांब नसल्याने प्रेक्षकांची दृष्टी अडत नाही. वरच्या भागातील मोठ्या खिडक्यांमधून दुपारच्या सामन्यांत सूर्यप्रकाश थेट मैदानावर उतरतो. ‘फील्डहाउस’ म्हणजे अनेक खेळांसाठी वापरता येईल असे छताखालचे मोठे मैदान. या नावाला अनुसरून येथे धावण्याच्या शर्यतीही होत. ऑलिंपिकवीर जेसी ओवेन्स येथील शर्यतींत धावले होते. बास्केटबॉलचे मैदान आधी पूर्व-पश्चिम होते. १९३३ साली ते दक्षिणोत्तर करण्यात आले.

इतिहास

पहिली वर्षे

उद्घाटनाच्या सामन्यात बटलरने नोत्र दाम विद्यापीठाचा जादा वेळेत २१–१३ असा पराभव केला. त्याच महिन्यात येथे शालेय स्पर्धेचा पहिला अंतिम सामना झाला. त्यात मन्सी सेंट्रलने मार्टिन्सव्हिलवर १३–१२ अशी मात केली. पराभूत संघात जॉन वुडन हा विद्यार्थी होता. पुढे प्रशिक्षक म्हणून वुडन यांनी लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाला दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली.

दुसऱ्या महायुद्धात ही इमारत सैनिकांच्या निवासासाठी देण्यात आली. १९४३ ते १९४५ या तीन वर्षांत शालेय अंतिम सामने अन्यत्र खेळवले गेले. १९४९ ते १९५३ या काळात ‘इंडियानापोलिस ऑलिंपियन्स’ हा व्यावसायिक संघ येथे खेळत असे. १९४८ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेते त्यात होते. त्यांपैकी ॲलेक्स ग्रोझा आणि राल्फ बियर्ड यांनी महाविद्यालयीन काळात पैसे घेऊन सामन्यांतील गुणफरक कमी ठेवल्याचे १९५१ मध्ये उघड झाले. त्यांच्यावर कायमची बंदी आली आणि दोन वर्षांनी संघ बंद पडला.

मायलनचा विजय (१९५४)

आग्नेय इंडियानातील मायलन गावच्या हायस्कूलची पटसंख्या अवघी १६१ होती. २० मार्च १९५४ रोजी या शाळेने अंतिम सामन्यात बलाढ्य मन्सी सेंट्रलचा ३२–३० असा पराभव केला. चौथ्या सत्रात बॉबी प्लंप याने चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू हातात धरून ठेवला. चेंडू ठरावीक वेळात टाकण्याचे बंधन तेव्हा शालेय खेळात नव्हते. अखेरच्या क्षणी त्यानेच विजयी बास्केट केली. परतीच्या वाटेवर आणि गावात या मुलांच्या स्वागताला हजारो लोक लोटले.

या घटनेवर बेतलेला ‘हूझियर्स’ हा चित्रपट १९८६ साली प्रदर्शित झाला. जीन हॅकमन यांनी त्यात प्रशिक्षकाची भूमिका केली आहे. चित्रपटातील अंतिम सामना याच क्रीडागृहात चित्रित झाला. भव्य क्रीडागृह पाहून बावरलेल्या गावच्या मुलांना प्रशिक्षक बास्केटची उंची मोजून दाखवतो आणि ती त्यांच्या शाळेतल्याइतकीच, म्हणजे दहा फूट असल्याची खात्री पटवतो. हा प्रसंग विशेष गाजला.

क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल आणि १९५५ चे विजेतेपद

क्रिस्पस ॲटक्स हायस्कूल १९२७ साली, म्हणजे या क्रीडागृहाच्या जेमतेम सहा महिने आधी सुरू झाले. शहरातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना इतर हायस्कुलांपासून वेगळे ठेवण्यासाठी ते काढण्यात आले होते. १७७० च्या बॉस्टन हत्याकांडात मारल्या गेलेल्या क्रिस्पस ॲटक्स याचे नाव शाळेला मिळाले. राज्य क्रीडा संघटनेने १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयांच्या शाळांना सदस्यत्व दिले नव्हते. त्यामुळे ॲटक्सच्या संघाला आपल्याच शहरात होणाऱ्या राज्य स्पर्धेत जवळजवळ पंधरा वर्षे खेळता आले नाही.

शाळेचे स्वतःचे क्रीडागृह अपुरे होते. रे क्रो हे १९५० मध्ये प्रशिक्षक झाल्यावर संघाची लोकप्रियता वाढली आणि त्याच्या अनेक लढती बटलरच्या क्रीडागृहात होऊ लागल्या. १९५१ साली येथे अँडरसनविरुद्ध अखेरच्या क्षणी बेली रॉबर्टसन याने केलेल्या बास्केटमुळे ॲटक्सने ८१–८० असा विजय मिळवला. त्या वर्षी संघ राज्याच्या अंतिम चारांत पोहोचला. १९५४ साली मात्र अंतिम चारांच्या उंबरठ्यावर मायलनने ॲटक्सला ६५–५२ असे हरवले. मायलनच्या प्रसिद्ध विजयाच्या वाटेवरील हा सामनाही याच मैदानावर झाला. बेलीचा धाकटा भाऊ ऑस्कर रॉबर्टसन तेव्हा ॲटक्सच्या संघात होता.

पुढच्या वर्षी, १९ मार्च १९५५ रोजी, ॲटक्सने अंतिम सामन्यात गॅरी शहरातील रूझवेल्ट हायस्कूलचा ९७–७४ असा पराभव केला. रूझवेल्टही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचीच शाळा होती. सर्व शाळांसाठी खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत कृष्णवर्णीयांच्या शाळेने विजेतेपद मिळवण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ होती. राज्यस्पर्धा सुरू झाल्यापासून राजधानीतील कोणत्याही शाळेला हे यश मिळाले नव्हते.

विजयोत्सव मात्र मायलनपेक्षा वेगळ्या प्रकारे झाला. मायलनच्या मुलांची मिरवणूक शहराच्या मध्यवर्ती मॉन्युमेंट सर्कलला नेण्यात आली होती. ॲटक्सचा संघ सर्कलला एक फेरी घालून न थांबता कृष्णवर्णीय वस्तीतील नॉर्थवेस्टर्न पार्कमध्ये नेण्यात आला. उत्सव तेथेच उरकण्यात आला. शहराच्या मध्यभागी गर्दी जमली तर दंगल होईल, अशी भीती अधिकाऱ्यांना होती. आपल्याला शहराने आपले मानले नाही, ही खंत ऑस्कर रॉबर्टसन यांनी पुढे आत्मचरित्रातही व्यक्त केली.

१९५६ मध्ये ॲटक्सने एकही सामना न गमावता पुन्हा विजेतेपद मिळवले. ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले आणि व्यावसायिक बास्केटबॉलमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये त्यांची गणना होऊ लागली. ‘हूझियर्स’ चित्रपटातील अंतिम सामन्यात पराभूत संघाच्या प्रशिक्षकाची छोटी भूमिका रे क्रो यांनी केली आहे. २०१५ साली, साठ वर्षांनंतर, १९५५ च्या संघाला इंडियानापोलिस ५०० महोत्सवाच्या मिरवणुकीत अग्रमान देण्यात आला.

टोनी हिंकल

हिंकल यांनी १९२६ ते १९७० या काळात, युद्धकाळातील नौदलाच्या सेवेची वर्षे वगळता, बटलरच्या बास्केटबॉल संघाला प्रशिक्षण दिले. या संघाने त्यांच्या कारकिर्दीत ५६० सामने जिंकले. बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच्या संघांचीही जबाबदारी त्यांच्याकडे होती. पूर्वीचा गडद तपकिरी चेंडू खेळाडूंना व प्रेक्षकांना नीट दिसत नसे. हिंकल यांनी स्पाल्डिंग कंपनीच्या साहाय्याने नारिंगी चेंडू तयार करवून घेतला. १९५८ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याची चाचणी झाली आणि पुढे तोच रंग रूढ झाला.

अलीकडचा काळ

१९७२ पासून शालेय अंतिम सामने ब्लूमिंग्टन येथे हलवण्यात आले. १९८७ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. ब्रॅड स्टीव्हन्स यांच्या मार्गदर्शनाखाली बटलरने २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. २०१० साली ड्यूक विद्यापीठाकडून ६१–५९ असा निसटता पराभव झाला. गॉर्डन हेवर्ड याने मध्यरेषेजवळून टाकलेला शेवटचा चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. २०११ साली कनेटिकटने बटलरला ५३–४१ असे हरवले.

२०१४ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात जुन्या खिडक्या व भिंतींची दुरुस्ती झाली आणि काही ठिकाणी रुंद खुर्च्या बसवण्यात आल्या. प्रेक्षकक्षमता आता सुमारे ९,१०० आहे. २०२१ साली कोविड-१९ साथीमुळे राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा संपूर्णपणे इंडियाना राज्यात घेण्यात आली, तेव्हा काही सामने येथे झाले. सध्या बटलर विद्यापीठाचे पुरुष व महिला बास्केटबॉल संघ आणि महिला व्हॉलीबॉल संघ या क्रीडागृहाचा वापर करतात.