पिंजऱ्याचं दार उघडल्यावर पुढे काय?

अनाथ सीलची पिल्लं वाढवून समुद्रात सोडण्यावरचे माहितीपट पाहिलेत, तर बहुतेकांचा शेवट एकच: दार उघडतं, पिल्लू पाण्यात शिरतं, संगीत चढतं. संशोधन करणाऱ्याचा प्रश्न मात्र तिथून सुरू होतो.

हा प्रश्न जुनाच आहे. केनियात जॉय आणि जॉर्ज अ‍ॅडमसन यांनी वाढवलेली एल्सा सिंहीण जंगली नराबरोबर राहिली, तिला तीन बछडे झाले. 1961 मध्ये ती आजाराने गेली. आपल्याकडे बिली अर्जन सिंग यांनी इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली तारा वाघीण 1978 मध्ये दुधव्यात सोडली. पुढे तिच्यात सैबेरियन वाघाचा अंश असल्यावरून मोठा वाद झाला. म्हणजे प्राणी जगला तरी प्रश्न संपत नाहीत.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. 2009 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या धाबा वनपरिक्षेत्रात वाघिणीचे अनाथ बछडे सापडले. त्यातले तीन बोर अभयारण्यातल्या एन्क्लोजरमध्ये वाढले. (बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा नंतर, 2014 मध्ये मिळाला; तेव्हा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर होतं.) तिथून त्यांना महाराष्ट्रातल्या पेंचला हलवलं. 2014 च्या नोव्हेंबरात त्यांपैकी एका वाघिणीला रेडिओ कॉलर लावून जंगलात सोडलं. काही आठवड्यांतच ती मेली.

याच्या शेजारी पन्ना ठेवून बघा. 2009 पर्यंत तिथले सगळे वाघ संपले होते. बाहेरून वाघ आणून नवी सुरुवात झाली, आणि कान्हाच्या एन्क्लोजरमध्ये वाढलेल्या दोन अनाथ बहिणी 2011 मध्ये तिथे सोडल्या. त्यातल्या टी-4 ला पिल्लं झाली.

फरक कशामुळे पडला? पन्नात जागा मोकळी होती, पेंचमध्ये आधीचे वाघ आपापला इलाखा धरून होते. मला हे कारण पटतं. पण दोन-तीन वाघांवरून ते सिद्ध झालं म्हणता येणार नाही. शिकारीचा सराव, सोडतानाचं वय, निव्वळ नशीब, सगळंच एकत्र गुंतलेलं आहे.

म्हणून प्रपोजल लिहिताना ‘यश’ म्हणजे नेमकं काय, ते पहिल्याच पानावर ठरवून टाका. ‘जंगलात सोडलं’ एवढंच मोजलं, तर पेंच आणि पन्ना दोन्ही यशस्वी. वर्षभर जगणं मोजलं, तर पेंच गळतं. एल्सा आणि टी-4 तर पिल्लांच्या कसोटीवरही टिकतात.