चोर बाजारातला कॅमेरा

मुंबईच्या भेंडीबाजारालगतची मटण स्ट्रीट जगाला चोर बाजार या नावाने ठाऊक आहे. मूळ नाव शोर बाजार होते आणि इंग्रजांच्या जिभेवर त्याचे चोर झाले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ऐकायला ती गोड आहे; आम्ही तिच्यावर फारसे विसंबत नाही. जुम्म्याला इथली पक्की दुकाने बंद असतात आणि त्यांच्या पायरीशी, रस्त्यावर, दुसराच बाजार भरतो. या बाजारातून आणि पुण्याच्या कुंभारवेशीजवळच्या, बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून आम्ही काही मित्र गेली वीसेक वर्षे रोलचे जुने कॅमेरे आणि त्यांची भिंगे विकत घेत आलो. छंद स्वस्तातला आहे आणि तो स्वस्तातच करायचा, हा आमचा नियम. हजारो रुपये मोजून लायका घेणाऱ्यांशी आमचे भांडण नाही, पण त्यांचा आणि आमचा छंद एक नव्हे.

हे कॅमेरे रस्त्यावर आले कसे, ही गोष्ट अलीकडचीच आहे. 2005 मध्ये जर्मनीतल्या आग्फाफोटो कंपनीने दिवाळे काढले. त्याच वर्षी क्योसेराने याशिका नावाचे कॅमेरे बंद केले. 2006 च्या जानेवारीत निकॉनने रोलचे बहुतेक कॅमेरे थांबवत असल्याचे सांगितले आणि कोनिका मिनोल्टाने तर कॅमेऱ्याचा धंदाच सोडला. 2009 मध्ये कोडॅकने कोडाक्रोम थांबवली. 2012 मध्ये कोडॅक स्वतःच दिवाळखोरीच्या अर्जासह न्यायालयात उभी राहिली. या बातम्या आर्थिक पानांवर छापून येत होत्या तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतले आणि तालुक्याच्या गावांतले फोटो स्टुडिओ एकेक करून झेरॉक्सची नाहीतर मोबाइलची दुकाने होत होते. स्टुडिओतला कॅमेरा, लाकडी तिपाई, छत्रीचे दिवे, काश्मीरचा डोंगर रंगवलेला पडदा, सगळे एकाच हातगाडीवर निघाले. ज्या कॅमेऱ्याने हजार निकाह टिपले तो सायकलच्या सुट्या भागांशेजारी येऊन बसला.

या ढिगात काय असते, यावरून देशाचा इतिहास वाचता येतो, असे आमचे मत आहे. सर्वांत जास्त सापडतो तो आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने तो इथेच बनवला. 120 क्रमांकाच्या रोलवर बारा चौकोनी फोटो. ऊन आणि ढग अशा दोन खुणा, त्यांतली एक निवडायची. बाकी डोके चालवण्याची गरज नाही. अनेक घरांतल्या काळ्या पुठ्ठ्याच्या अल्बममधले, चार कोपऱ्यांत अडकवलेले ते इवलेसे चौकोनी फोटो असल्याच कॅमेऱ्यातून निघाले. क्वचित कलकत्त्याच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या सरकारी कारखान्याचा ‘नॅशनल 35’ मिळतो. जर्मन रेग्युला कॅमेऱ्यावर तो बेतलेला होता. रोलही देशी असावा म्हणून सरकारने 1960 मध्ये उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापन केली आणि तिच्या ‘इंदू’ फिल्मने कितीतरी गावांचे कृष्णधवल चेहरे टिपले. तोही कारखाना आता राहिलेला नाही.

पण आमचा खरा जीव जडला तो रशियन झेनिटवर. विटेसारखा जड, शटरचा आवाज दार आपटल्यासारखा, आणि झेनिट-ईला वेगही अवघे पाच: सेकंदाच्या तिसाव्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंत. त्याच्यापुढे हेलिओस नावाचे 58 मिलिमीटरचे भिंग असते आणि त्या भिंगाची कहाणी कॅमेऱ्याहून मोठी आहे. 1930 च्या दशकात जर्मनीतल्या येना शहरी कार्ल झाइसच्या कारखान्यात बायोटार नावाचे भिंग तयार होत असे. 1945 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फौजा येनात शिरल्या. हे शहर रशियाच्या वाट्याला जाणार हे ठरलेले होते, म्हणून जाताना त्यांनी झाइसचे निवडक शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ पश्चिमेकडे नेले. मागाहून आलेल्या रशियनांनी युद्धाची भरपाई म्हणून यंत्रे उचलली. झाइसचा कॉन्टॅक्स कॅमेरा कीव्हच्या आर्सेनल कारखान्यात कीव्ह या नावाने जन्मला. बायोटारचा आराखडा 1958 मध्ये हेलिओस-44 झाला. म्हणजे मटण स्ट्रीटवर चोरीचा माल मिळतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तिथल्या भिंगांतली काही तर दोन महासत्तांनी मिळून केलेल्या लुटीची औलाद आहेत.

या भिंगाच्या मागे 42 मिलिमीटर व्यासाचे आटे असतात. 1949 मध्ये पूर्व जर्मनीच्या कॉन्टॅक्स आणि प्राक्टिका कॅमेऱ्यांनी ते आटे घेतले, पुढे जपानच्या पेंटॅक्सने 1975 पर्यंत वापरले, रशियनांनी तर अखेरपर्यंत. एका देशाचे भिंग दुसऱ्या देशाच्या कॅमेऱ्यावर सरळ फिरवून बसते. गरिबांच्या छंदाला याहून सोयीची गोष्ट नाही. 2008 मध्ये पॅनासॉनिकने आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा आणला, तसे इतरांनीही आणले, आणि कॅमेऱ्याची खोली कमी झाल्यामुळे मध्ये एक स्वस्त धातूची कडी घातली की कुठलेही जुने भिंग त्यावर चालू लागले. तिथून भाव चढले. ज्या हेलिओसला कुणी विचारत नव्हते ते आता दुकानदार रुमालात गुंडाळून आतल्या खणात ठेवतात.

घेताना काय पाहावे, हे नव्या पोरांना सांगावे लागते. मागचे दार उघडून, शटर बल्बवर ठेवून, भिंगातून उजेडाकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याने कातडी पेटीत बंद करून ठेवलेल्या भिंगांचा जेवढा घास घेतला तेवढा अपघातांनीही घेतला नसेल. पेटी जपण्यासाठी असते आणि तीच ओल धरून ठेवते. कापडी शटर उजेडावर धरून सुईएवढी भोके आहेत का पाहावे. जुन्या प्रकाशमापकाचा काटा हलत नसेल तर वाईट वाटून घेऊ नये, चित्र त्याच्यावाचूनही निघते. पेंटॅक्सच्या काही जुन्या भिंगांची काच पिवळी पडलेली असते, कारण तिच्यात थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले आहे. काही आठवडे उन्हात ठेवले की पिवळेपणा बराच उतरतो.

परदेशी कॅमेरे आपल्या घरांत आले कसे, हेही सांगायला हवे. 1991 पर्यंत आयातीवर परवान्यांचे राज्य होते. जपानी कॅमेरा उघड बाजारात सहजासहजी मिळत नसे आणि मिळाला तर परवडत नसे. तो आला खाडीतून. रत्नागिरी-रायगडचा कोकणी मुसलमान 1970 नंतर कुवेत, दुबई, सौदीला नोकरीला गेला आणि दर सुटीला ब्लँकेट, टेपरेकॉर्डर यांच्या जोडीला बॅगेतून याशिका घेऊन परतला. खाडीत गेलेल्या बापाला पोराचे वाढणे दिसावे म्हणून पत्रातून फोटो जाऊ लागले. चोर बाजारात आज जे जपानी कॅमेरे स्वस्तात मिळतात त्यांच्यातल्या पुष्कळांवर या विरहाची धूळ आहे.

इथे कुणीतरी हटकून म्हणतोच, की आपल्याकडे तसवीर नाजायज, तेव्हा मुसलमानाचा आणि कॅमेऱ्याचा संबंध काय? प्रश्न प्रामाणिक असतो तेव्हा त्याचा आदर करावा. उलेमांमध्ये या बाबतीत मतभेद होते आणि आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात छायाचित्र हे सावली धरून ठेवणे आहे, निर्मिती नव्हे, असे मत देऊन ते जायज ठरवले. दुसऱ्या बाजूनेही तेवढ्याच निष्ठेने लिहिले गेले. पण व्यवहार काय सांगतो? लखनौचे दरोगा अब्बास अली यांनी 1874 मध्ये आपल्या शहराचा पन्नास छायाचित्रांचा अल्बम छापला. इजिप्शियन लष्करातले मुहम्मद सादिक बे यांनी 1861 मध्ये मदिनेची आणि 1880 च्या सुमारास मक्केची छायाचित्रे घेतली. मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ 1912 मध्ये कलकत्त्याहून निघाले ते छायाचित्रांसह. आणि हजच्या पासपोर्टावर फोटो लागू लागला तेव्हा कट्टरातला कट्टरही स्टुडिओच्या स्टुलावर ताठ बसला. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तिच्यात भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी होते हे मराठी वाचकाला माहीत असते. आपल्या मोहल्ल्यातल्या स्टुडिओवाल्याचे नाव मात्र आपल्याच पोरांना माहीत नसते.

आमच्या छंदाची कड दुखते ती इथेच. कॅमेऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले, म्हणून कॅमेरे वाचले. प्रत्येकाच्या अंगावर क्रमांक कोरलेला असतो, त्यावरून झेनिट कुठल्या वर्षी बनला हे आम्ही सांगू शकतो. त्या झेनिटने काय पाहिले हे सांगणाऱ्या निगेटिव्ह वाचल्या नाहीत. कृष्णधवल निगेटिव्हमधला काळेपणा म्हणजे चांदी. स्टुडिओवाले वापरलेला हायपोसुद्धा फेकत नसत, त्यातली चांदी काढणारे येऊन तो घेऊन जात. स्टुडिओ बंद झाला की निगेटिव्हचे गठ्ठे त्याच वाटेने गेले. रंगीत निगेटिव्ह धुतानाच त्यातली चांदी निघून जाते. त्यामुळे तिला तेवढाही भाव नाही, ती सरळ कचऱ्यात. सिनेमाचेही असेच झाले: जुन्या चित्रपटांची रिळे चांदीसाठी मोडीत निघाली, हे फिल्म आर्काइव्हच्या पी. के. नायर यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. ‘आलम आरा’ (1931) आज पाहायला मिळत नाही. तो निदान बोलपटांचा पहिला म्हणून त्याच्यासाठी हळहळणारे आहेत. मोमिनपुऱ्यातल्या, भिवंडीतल्या, मालेगावातल्या यंत्रमागवाल्याच्या एकुलत्या एक फोटोसाठी कोण हळहळणार?

2019 च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा बदलला तेव्हा घराघरांत पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. रेशनकार्डे, शाळेचे दाखले, खरेदीखते शोधली गेली. फोटो बाजूला ठेवले गेले, कारण फोटो पुरावा नव्हे. सरकारी टेबलावर ते खरेच आहे. पण भिवंडीच्या एका गल्लीत 1968 च्या ईदला कोण कोण उभे होते, हे दुसरा कुठला कागद सांगणार आहे?

भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टच्या पुनर्विकासाने जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहू लागले आहेत. ज्यांना चाळीत पाण्यासाठी रांग लावावी लागली त्यांना त्याबद्दल नावे ठेवण्याचा हक्क आम्हा शौकिनांना नाही. घर बदलताना माळा रिकामा होतो, आणि माळ्यावरचे रस्त्यावर येते, एवढेच.

म्हणून अलीकडे आम्ही खरेदीची रीत थोडी बदलली आहे. कॅमेरा घेतला की त्याच्यासोबत आलेला खोका मागतो. विक्रेत्याला नवल वाटते. खोक्याचे तो बहुधा काही घेत नाही, फार तर चहाचे. कॅमेऱ्यात रोल राहिला असेल तर दार उघडत नाही, अंधाऱ्या पिशवीत काढून धुवून घेतो. बहुतेकदा धुके निघते. पाकिटांवर शाईने लिहिलेले असते: नाव, तारीख, किती प्रती, किती जमा, किती बाकी. मागच्या शाबानमध्ये मिळालेल्या खोक्यात अशी एकशे दहा पाकिटे होती. त्यांतल्या चाळीसेकांवर ‘अर्जंट, पासपोर्ट’ असे लिहिले आहे. नावे आम्ही वहीत उतरवून घेत आहोत, आणि दर जुम्म्याला ती वही सोबत नेतो. त्या गल्लीतले म्हातारे काही नावे ओळखतात.