गळाची विद्या

एखादा भोळा मनुष्य फसला म्हणजे तो गळाला लागला असें आपण म्हणतों. त्यास कोणी मोह घातला तर आमिष दाखविलें म्हणतों. आणि साधूचा आव आणणाऱ्यास बगळ्याची उपमा देतों. मासेमारीनें आमच्या भाषेस असें बरेंच कांहीं दिलें आहे. परंतु ज्या सुशिक्षित घरांत हे शब्द नित्य बोलले जातात, त्या घरांतील किती जणांनीं गळाची काठी कधीं हातांत धरली असेल? शब्द आम्हीं उचलले आणि विद्या मात्र नदीकांठींच ठेवली. ही विद्या आमच्या इतिहासांत कोठें आढळते, आणि ती हातची गेल्यानें आमचें काय गेलें, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आमच्या धर्मग्रंथांत गळ नाहीं असें नाहीं. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूत आपले चोवीस गुरु सांगतो, त्यांत मासाहि एक आहे. जिभेच्या लालसेनें तो आमिषास तोंड लावतो व प्राणास मुकतो, म्हणून साधकानें रसना जिंकावी, हा त्यापासून घ्यावयाचा धडा. ह्याच स्कंधावर एकनाथांनीं मराठींत विस्तृत टीका लिहिली व ती १५७३ सालीं पुरी केली. दृष्टान्त उत्तम आहे. मात्र त्यांत मासा आहे, गळ आहे, आमिष आहे. काठी धरून बसलेला मनुष्य तेवढा नाहीं. त्यानें तीच जागा कां निवडली, अमुक माशास अमुकच आमिष कां लाविलें, हें विचारण्याचें प्रयोजन बोध करणाऱ्यास पडलें नाहीं.

आम्ही स्वतः ह्या दोषापासून मुक्त होतों असें मुळींच नव्हे. महाविद्यालयांत असतां आयझॅक वॉल्टन ह्याचें १६५३ सालीं प्रसिद्ध झालेलें गळावरील पुस्तक आम्हीं मोठ्या आवडीनें वाचलें. पुढें हेन्री सुलिव्हन टॉमस ह्या मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकाऱ्याचें, हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवरचें १८७३ चें पुस्तक हातीं आलें. ह्या दोन पुस्तकांवरून, गळ टाकून बसणें हा साहेबाचा छंद आणि जाळें टाकणें हा भोयाचा धंदा, अशी सोयीस्कर वांटणी आम्हीं मनाशीं करून टाकली. ती किती चुकीची होती हें उशिरां कळलें. आणि जो ग्रंथ वाचून तें कळलें, तो आमच्याच पठारावर लिहिला गेलेला होता.

लातूर जिल्ह्यांतील किल्लारी गांवापासून आग्नेयेस, सरळ रेषेंत सुमारें ४५ किलोमीटरांवर कल्याणी आहे; आज तिला बसवकल्याण म्हणतात. उत्तरकालीन चालुक्यांची ही राजधानी. येथें सहावा विक्रमादित्य १०७६ पासून ११२६ पर्यंत राज्य करीत होता. कवि बिल्हण आणि मिताक्षरेचा कर्ता विज्ञानेश्वर हे त्याच्याच काळचे. त्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर ११२६ सालीं गादीवर आला व ११३८ पर्यंत राहिला. पित्याचा पराक्रम त्याच्या वांट्यास आला नाहीं. परंतु ११२९ च्या सुमारास त्यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा जो ग्रंथ सिद्ध केला, त्यानें त्याचें नांव राखलें. पांच विंशति, प्रत्येकींत वीस अध्याय, मिळून शंभर अध्यायांचा हा ग्रंथ. राज्य मिळवावें कसें येथपासून स्वयंपाकांत हिंग केव्हां घालावा येथपर्यंत त्यांत सर्व कांहीं आहे. महाराष्ट्रांत स्त्रिया कांडतांना ओवी गातात हा प्रसिद्ध उल्लेख ह्याच ग्रंथांतला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तो ठाऊक असतो. मात्र ओवीच्या उल्लेखासाठीं ग्रंथ उघडणारे आमच्यासारखे लोक विनोदविंशतींतील मत्स्यविनोदाचें पान उलटून पुढें जातात.

मल्लांच्या कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार ह्यांच्या ओळींत हा मत्स्यविनोद बसविला आहे. परंतु त्याचा थाट निराळा आहे. त्यांत पस्तीसच्या आसपास मत्स्यजाति नांवानिशीं सांगितल्या आहेत. समुद्रांतले कोणते, नद्यांतले कोणते. खवल्यांचे कोणते आणि नुसत्या कातडीचे कोणते. मोठे, मध्यम व लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी केली आहे. पुढें कोणता मासा मांस खातो व कोणता पिठाच्या गोळ्यांवर संतुष्ट असतो, त्याप्रमाणें त्यास काय चारावें हें आहे. मग दोरी, गळ, काठी, आमिष, आणि मासा लागल्यावर त्यास कसें खेळवावें, हा क्रम. इंग्रजी भाषेंतील गळावरचा पहिला छापील निबंध १४९६ सालचा. म्हणजे आमचा राजा त्याच्या साडेतीनशें वर्षें आधींचा. अर्थात् आधीं कोण ह्या शर्यतींत आम्हांस फारसें स्वारस्य नाहीं. विशेष आहे तो अध्यायाच्या क्रमांत. आधीं ओळख, मग अन्नदान, आणि शेवटीं गळ. ज्याला चारतां येत नाहीं त्याला धरतां येणार नाहीं, असाच ह्या क्रमाचा अर्थ आम्ही समजतों.

आतां प्रश्न असा कीं, राजास हें सांगितलें कोणीं? कोणत्या माशास काय रुचतें हें राजवाड्यांत बसून सुचणारें ज्ञान नव्हे. तें गुडघाभर पाण्यांत जन्म काढलेल्या माणसाचें आहे. राजानें त्यास जवळ बसवून ऐकलें असलें पाहिजे, आणि ऐकलेलें संस्कृतांत बांधलें असलें पाहिजे. पंडित आणि धीवर ह्यांच्या विद्या एका पानावर आल्याचें असें उदाहरण आमच्याकडे विरळा. पुढें तो योग तुटला. ग्रंथ पोथ्यांतून पडून राहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं छापून काढला. आणि प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनीं मत्स्यविनोदाची शास्त्रीय छाननी केली ती १९५१ सालीं. इकडे भोई आपली विद्या तोंडींच बापाकडून मुलाकडे देत राहिला. मध्यें उभे असलेले आम्ही पदवीधर दोहोंसहि मुकलों.

इंग्लंडांत हीच गोष्ट वेगळ्या वळणानें गेली. तेथें सामन आणि ट्राउट हे प्रतिष्ठित मासे जमीनदारांच्या नद्यांत राखलेले असत. बाकीच्यांस इंग्रज ‘जाडेभरडे’ म्हणतो, जसें आपण ज्वारीबाजरीस भरड धान्य म्हणतों. १७६१ सालीं ब्रिजवॉटरचा कालवा वाहता झाला. त्यामागून गिरण्यांच्या मुलखांत कालव्यांचें जाळें पसरलें, आणि रविवारीं त्यांच्या कांठीं कामगार काठ्या घेऊन बसूं लागले. शेफील्डच्या ह्या लोकांच्या आग्रहास मान देऊन त्यांचे प्रतिनिधि मंडेला ह्यांनीं १८७८ सालीं कायदा करून घेतला, व माशांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे १५ मार्च ते १५ जून, भरड माशांची शिकार बंद झाली. मासे धरणाऱ्यांनींच मासे वांचविण्याचा कायदा मागितला ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आमच्याकडे तर अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत ठराविक तिथींना मासे मारूं वा विकूं नयेत असें फर्माविलें होतें. परंतु ती राजाज्ञा होती, कांठावरची मागणी नव्हती.

आतां कालवे आमच्या दारींहि आले आहेत. तेरणेवर माकणीस धरण झालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटेच्या भूकंपानें किल्लारी व भोंवतालचीं गांवें जमीनदोस्त झालीं, हजारों माणसें गेलीं, आणि उरलेलीं नव्या वसाहतींत राहावयास गेलीं. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या आरंभीं आम्ही त्या बाजूस गेलों असतां धरणाखालच्या कालव्यावर थांबलों. पाण्याची पाळी संपली होती. खोलगट जागीं डबकीं उरलीं होतीं. एक दहाबारा वर्षांचा मुलगा बांबूची काठी धरून बसला होता, व शेजारीं त्याचा आजा विडी ओढीत होता. पाण्यांत तांबूस पिलांचा एक पुंजका हालतांना दिसला. मुलानें उत्साहानें तिकडे दोरी फेंकली, तोंच आज्यानें काठी धरली. “तिथं नको बाबा. मरळीची पोरं हायेत ती. आईबाप खालीच असत्यात.” मरळ आपल्या पिलांची राखण करते हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें, प्रत्यक्ष दाखविलें तें ह्या निरक्षर माणसानें. आम्हीं त्यास डबक्यांतील माशांचीं नांवें विचारलीं. मरळ, वाम, शिवडा अशीं तो भराभर सांगत गेला. नातवास विचारलें, तर त्यास दोनच नांवें ठाऊक, रोहू आणि कटला. बाजारांत तींच विकतात.

मुलाचा त्यांत दोष नाहीं. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधुरी ह्यांनीं कार्प माशांस संप्रेरकाची टोचणी देऊन अंडीं घालावयास लाविलें. तेव्हांपासून बीज हवें तितकें मिळूं लागलें, आणि गंगेकडील रोहू-कटला देशभरच्या जलाशयांत सोडणें सोपें झालें. अन्न वाढलें हें चांगलेंच झालें. परंतु सोमेश्वराच्या पानावर पस्तीस नांवें, आज्याच्या तोंडीं दहा, नातवाच्या तोंडीं दोन, ही उतरण आम्हांस अस्वस्थ करिते. जो मासा नांवानें कोणी ओळखीत नाहीं, तो नाहींसा झाला तरी कोणास कळावयाचें नाहीं. सुरुंगाच्या दारूनें वा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानें बंदी आहे. तथापि असे प्रकार घडतात. एका स्फोटांत सर्व मासे एकाच नांवाचे होतात.

म्हणून ज्या घरांतील मुलांस हा नाद लावावयाचा असेल, त्यांनीं चालुक्य राजाचाच क्रम पाळावा. कालव्याचें पाणी सुटलेलें असतां त्याच्या अस्तर केलेल्या उतारावर उतरूं नये. पाय घसरला तर वर येणें कठीण. पाणी संथ झाल्यावर पुलाच्या सावलीशीं, झाडाच्या मुळांशीं, वळणाच्या खोल जागीं नजर ठेवावी. चार दिवस नुसतें चारावें व पाहावें. मग बांबूची हलकी काठी, बारीक दोरी, लहान गळ आणि गांडूळ, एवढें साहित्य पुरे. लहान मासा ओल्या हातानें सोडून द्यावा. आणि कांठावर कोणी म्हातारा बसलेला असेल तर आधीं त्याच्यापाशीं बसून माशांचीं नांवें विचारावीं. ज्यांस जीवहत्या नको वाटते त्यांनाहि ह्यांतील पहिला अर्धा भाग वर्ज्य नाहीं. त्यांनीं काठी घरींच ठेवावी. मूठभर कणीक मात्र बरोबर न्यावी.