आजोबांचं कारवान

लातूरकडच्या आमच्या कोरडवाहू रानात पणजोबांनी कारवान कुत्री पाळली होती. ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी हा त्यांचा खुराक. चिंचवडच्या घरात आजोबांनी त्यांचा विषय काढला, की ताटावरचे हात सुकायचे. इराण-अफगाणकडच्या सौदागरांच्या काफिल्यांबरोबर ही कुत्री चालत दख्खनेत आली, असं ते सांगत. जाणकारही कारवानचं नातं सलुकी आणि ताझी या तिकडच्या शिकारी कुत्र्यांशी जोडतात. म्हणजे म्हाताऱ्यांच्या गोष्टीत तथ्य होतं.

आजोबांची दुसरी आवडती गोष्ट कर्नाटकातल्या मुधोळची; तिकडे कारवानलाच मुधोळ हाउंड म्हणतात. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी रानात शिकार करणाऱ्या बेरडांकडची निवडक कुत्री घेऊन हा वंश सांभाळला आणि एक जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. २००५ साली मुधोळ हाउंड टपाल तिकिटावर आलं, तेव्हा आजोबांनी ते तिकीट पोथीत जपून ठेवलं.

१९७२ साल मात्र या कुत्र्यांवर आणि आमच्यावर एकदमच कोसळलं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीला लगाम बसला. त्याच वर्षीच्या दुष्काळाने गावं रिकामी केली. मराठवाड्यातली कितीतरी माणसं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आली, त्यांत आजोबाही होते. दीड खोलीत कारवान कुठे ठेवणार? उरलेली जोडी मेव्हण्याच्या वस्तीवर सोडून आले. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी खाली जायचा.

आता धाकट्या भावाने एक कारवान आणलंय. लांबुडकं तोंड, खोल छाती, पाठीला टेकलेलं पोट, कमरेची हाडं वर आलेली. येणारे-जाणारे विचारतात, "उपाशी ठेवता का हो?" मुळीच नाही, ही ठेवणच धावण्याची. शिकार वासापेक्षा नजरेने धरणारी ही जात. गॅलरीत उभं राहून ते पवनेकाठचा हललेला बगळासुद्धा टिपतं. परक्याने हात लावलेला त्याला खपत नाही, मुकाट्याने मान फिरवून बाजूला होतं. घरच्यांच्या मात्र पायाशी. पहाटे मैदानात सोडलं की पाठ धनुष्यासारखी वाकते आणि चारही पाय एकदम हवेत.

२०२० साली पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केला. त्यात मुधोळ हाउंडचंही नाव होतं. अशा कौतुकाने मागणी वाढते, आणि मागणी वाढली की ग्रेहाउंडचा संकर करून कारवान म्हणून खपवणारेही येतात. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. पिल्लू घ्यायचं तर तिथे किंवा पिढ्यान्‌पिढ्या कारवान पाळणाऱ्या घरी जाऊन आई-बाप पाहून घ्या. आणि रोज पहाटे त्याला मोकळं धावू द्यायला जागा नि वेळ नसेल, तर कृपा करून आणूच नका.