चौरंग, तिपाई आणि टीपॉय : हॉलच्या कोपऱ्यातला इतिहास

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण झाली. ताबा मिळाला तेव्हा घेतलेलं फर्निचर आता एकेका घरातून बदललं जातंय. लिफ्टजवळ जुनं सामान दिसलं की समजावं, कुणाकडे तरी नवा सोफा आला. या अदलाबदलीत सगळ्यात आधी बाहेर पडतं ते सोफ्याशेजारचं छोटं टेबल. कुणी त्याला टीपॉय म्हणतं, कुणी तिपाई, नवीन पिढी साइड टेबल किंवा एंड टेबल. वस्तू लहान असली तरी तिचा इतिहास मोठा आहे. तो माहीत असला तर काय ठेवायचं आणि काय घ्यायचं, हे ठरवणं सोपं जातं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपली मूळची बैठक जमिनीवरची. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे औरंगजेबाच्या काळात तिचं औरंगाबाद झालं आणि निजामाची राजधानी १७६३ मध्ये हैदराबादला जाईपर्यंत इथे दरबारी थाट होता. पण वाडा असो की हवेली, माणसं बसायची गादीवर, लोडाला टेकून. त्यामुळे हाताशी लागणाऱ्या वस्तूही जमिनीलगतच असत. पानदान, तबक, हुक्का सगळं बैठकीशेजारी. दख्खनची बिदरी कला अशाच वस्तूंवर बहरली. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओतायची, त्यावर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून नक्षी भरायची आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या पाण्यात ती काळी करायची. चांदी पांढरी राहते, बाकी धातू काळा पडतो. ही कला बिदरची असली तरी आपल्या शहरातही ती नांदली. ज्या घरात बिदरीचं जुनं तबक आहे, तिथे आजच्या साइड टेबलाचं पणजोबा-पणजीचं रूप आहे असं खुशाल समजा.

मराठी घरात हेच काम पाट आणि चौरंग करायचे. चौरंगाला चार पाय, उंची वीतभर, फार तर हातभर. त्यावर देव बसायचे, पाहुण्यांचं फराळाचं ताटही यायचं. पुढे खुर्च्या आल्या तशी माणसं जमिनीवरून उठली आणि टेबलालाही उठावं लागलं.

इथे शब्दाची एक गंमत आहे. टीपॉय म्हणजे 'टी', म्हणजे चहा ठेवायचं टेबल, असं आपल्यातले बरेच जण समजतात. चहाचा इथे काही संबंध नाही, बरं का! 'ती' म्हणजे तीन आणि फारसी 'पाय', म्हणून तीन पायांची ती तिपाई. चार पायांची चारपाई तशीच. इंग्रज साहेबांनी तिपाईचं 'टीपॉय' केलं आणि शब्द विलायतेला नेला. तिथे लोकांना वाटलं, यात चहा असणारच. म्हणून लंडनच्या दुकानांत पाय लावलेल्या चहाच्या पेटीलाच टीपॉय म्हणू लागले. १८८६ मध्ये निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात यूल आणि बर्नेल यांनी हा गैरसमज स्पष्ट नोंदवला आहे. आपला शब्द साहेबाचे कपडे घालून परत आला आणि आपणच त्याला ओळखलं नाही!

चहा आपल्या घरात रुजला तो विसाव्या शतकात. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. साधारण त्याच काळात, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आपल्या गावावरून सुरू झाली. मुंबईचा माल येण्याची वाट सोपी झाली. छावणीत लष्करी अधिकाऱ्यांचे बंगले होतेच. त्या काळी देशभर रिवाज असा होता की साहेबाची बदली झाली की सामान लिलावात निघायचं आणि गावातल्या घरांत जायचं. एकात एक बसणाऱ्या टेबलांचा संच म्हणजे 'नेस्ट' हीसुद्धा विलायती चाल. शेरेटन या इंग्रज कारागिराने १८०३ च्या आपल्या कोशात चार टेबलांच्या अशा संचाची नोंद केली आहे.

यानंतर मुंबईची हवा बदलली. १९३७ मध्ये तिथल्या टाउन हॉलमध्ये वास्तुविशारदांच्या संस्थेने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नव्या मध्यमवर्गाने घर कसं सजवावं, याचा तो धडाच होता. गोल कडा, कमी नक्षी, सरळ रेषा ही आर्ट डेको शैली तेव्हाची. आपल्याकडे फ्लॅट संस्कृती बरीच उशिरा आली. १९४८ चा मुक्तिसंग्राम, १९६० नंतर चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, सत्तरच्या दशकात सिडको, १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाज; नोकरीसाठी माणसं आली आणि दोन खोल्यांच्या घरात सुताराकडून घडवून घेतलेला सागवानी टीपॉय आला. मग वर सनमायका चढला, खाली प्लायवूड आलं, आणि आता खोक्यातून सुटे भाग येतात.

आता निवडीकडे वळू. दुकानात तीन शब्द कानावर पडतात. अँटिक म्हणजे शंभर वर्षांपुढची वस्तू. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही सर्वसाधारण मर्यादा शंभर वर्षांचीच आहे आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. मुलं परदेशात असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. व्हिंटेज म्हणजे त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची ओळख सांगणारी. बाकी सगळं आजचं.

जुनं म्हणून विकलं जाणारं सगळं जुनं नसतं. टेबल उलटं करून बघा. खालची बाजू खोटं बोलत नाही. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा. 'दोनशे वर्षांचं' टेबल असेल तर विक्रेत्याला हसून नमस्कार करावा. अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल दोन्ही दिशांनी मोजलं तर थोडं लंबगोल भरतं, कारण लाकूड रेषेच्या आडव्या दिशेला जास्त आकसतं. झीज सगळीकडे सारखी असेल तर ती बहुधा पॉलिशपेपरची करामत. बारीक पीठ पडत असेल तर किडा जिवंत आहे, घरात आणूच नका.

उंची सोफ्याच्या हाताइतकी किंवा एक-दोन इंच कमी असावी, म्हणजे बसल्या जागेवरून पेला उचलता येतो. आपल्या हॉलमध्ये ज्येष्ठांची ये-जा असते. तिथे टोकदार कोपरे आणि काच टाळून गोल कडांचं जड टेबल बरं. आपला उन्हाळा कोरडा. कूलरच्या तोंडासमोर अखंड लाकूड ठेवलं तर सांधे ढिले होतात. जुन्या लाखेच्या पॉलिशवर गरम कप ठेवला की पांढरा डाग उमटतो, तेव्हा हिमरूचा छोटा तुकडा घालावा, शोभाही येते. बिदरी वस्तू चिंचेने घासू नये, तेलाचा हलका हात पुरतो.

सगळं एकाच काळातलं हवं, असंही नाही. नव्या सोफ्याशेजारी आजोबांची तिपाई छान दिसते, लाकडाचा रंग जवळपासचा असला म्हणजे झालं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशाच रोजच्या वापरातल्या वस्तू, दिवे, अडकित्ते, दारं जमवली आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाला दिला. आज लोक तिकीट काढून ते पाहतात. त्यातल्या कितीतरी वस्तू कुणीतरी अडगळ म्हणून काढलेल्याच होत्या.

आपल्या इमारतीतही अशी टेबलं आहेत. गावाकडच्या वाड्यातून आलेली, पहिल्या पगारात घडवलेली, लेकीच्या लग्नात पाहुण्यांसाठी घेतलेली. ती भंगारात दहा रुपये किलोने गेली की त्यांच्याबरोबर ती हकीकतही जाते. म्हणून दोन विनंत्या. ठेवायचं असेल तर टेबलाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा : कुणी घडवलं, कोणत्या साली, कुणासाठी. द्यायचंच असेल तर आधी सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावा. शेजारच्या विंगमध्ये कुणाला तरी ते हवं असेल.