नांवाची चोरी : तोतयाच्या बंडाचा बोध

चोरानें घरांतील भांडीं नेलीं तर धन्यास तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळतें. परंतु नांव चोरीस गेलें म्हणजे धन्यास तें सर्वांच्या मागून कळतें, आणि धनी मृत असला तर मुळींच कळत नाहीं. हल्लीं ही चोरी यंत्रद्वारा होते म्हणून ती नवी, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाहीं. महाराष्ट्राच्या इतिहासांत एका वीरपुरुषाचें नांव असें चोरलें गेलें कीं, त्यापायीं राज्यांत बंड माजलें व तें मोडण्यास फौज पाठवावी लागली. न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचें बंड' (१९१३) या नाटकामुळें ती कथा पुष्कळांच्या परिचयाची आहे. परंतु मनुष्याची ओळख कशानें सिद्ध होते, या दृष्टीनें तिचा विचार क्वचितच होतो.

ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. त्यांचें प्रेत ओळखून दहन केल्याचे उल्लेख आहेत. पण पुण्याच्या माणसांनीं तें स्वतः पाहिलें नव्हतें. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं तर ही वार्ता अखेरपर्यंत मानली नाहीं, सौभाग्यचिन्हेंही टाकलीं नाहींत. घरोघर कोणी ना कोणी त्या रणांत नाहींसा झाला होता. तेव्हां एक जण परत येऊं शकतो असें मानण्यास हजारों मनें आधींच उत्सुक होतीं. चोराला आंत शिरण्यास जी फट लागते, ती ही होय. ती त्यानें पाडली नव्हती. दुःखानें पडली होती.

या फटींतून आला तो बुंदेलखंडाकडील एक कनोजी ब्राह्मण. त्याचें नांव कोणी सुखलाल देतात, कोणी सुखनिधान. चेहऱ्यांत कांहीं साम्य आणि तोंडीं भाऊंच्या नांवाची कथा, एवढेंच त्याचें भांडवल. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला आणि कैदेंत पडला. येथें प्रकरण संपावयास हवें होतें. पण १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला, गादीवर अर्भक सवाई माधवराव आले, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. अशा धामधुमींत १७७६ सालीं रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्याच कैद्यास भाऊसाहेब म्हणून बाहेर काढलें. बघतां बघतां हजारों लोक जमले, आणि कोंकणांतील अनेक किल्ले त्याच्या हातीं गेले.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पंधरा वर्षांत त्या मनुष्याचा पुरावा तिळभरही वाढला नव्हता. वाढली होती ती त्याला खरा मानण्यांतली सोय. ज्याला कारभाऱ्यांचा राग होता, त्याला भाऊ जिवंत हवे होते. ज्याला लूट हवी होती, त्यालाही हवे होते. शेवटीं महादजी शिंद्यांच्या फौजेनें बंड मोडलें, समुद्रमार्गें पळणारा तोतया रघूजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला, पुण्यास त्याची पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ च्या अखेरीस त्यास देहान्त शासन झालें.

मराठी राज्याला लबाडीची जाणीव नव्हती असें नाहीं. कागदाचें रक्षण कसें करावें हें शिवकालापासून ठाऊक होतें. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतांच मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबाचा अर्थच मुळीं 'ही मर्यादा शोभते' असा आहे. त्या मर्यादेपलीकडे कोणीं एक अक्षर घातलें तर लबाडी उघडी पडे. निरक्षर कुणबी सहीच्या जागीं नांगराची निशाणी करी. परंतु कागदाला मोर्तब होतें, तसें देहाला नव्हतें. तेथें इतरांची स्मृति हाच पुरावा, आणि स्मृतीला आशा व स्वार्थ सहज फितवूं शकतात.

देहावरील मोर्तबाचा शोध पुढें याच देशांत लागला. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें राज्यधर कोनाई नांवाच्या मक्तेदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढें त्यास सही नाकारतां येऊं नये हा हेतु. १८७७ सालीं हुगळी येथें त्यानें पेन्शनीच्या कामींही बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला, कारण मृत पेन्शनराच्या नांवानें दुसराच मनुष्य पैसे उचलीत असे. पुढें अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं ठशांच्या वर्गवारीचें गणित बसविलें आणि १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. २०१० सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या खेड्यांत पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हां बोटांच्या जोडीला डोळ्यांतील बुबुळही साक्षीदार झालें.

मग आतां तोतये संपले काय? नाहीं. आजचा तोतया चेहरा उसना घेत नाहीं. तो आपला क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाइलवर येणारा ओटीपी मागतो, आणि बँकेचा मनुष्य म्हणून बोलतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमान्वये दुसऱ्याची ओळख लबाडीनें वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊं शकतो. फसगत होतांच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवितां येते. पण शिक्षा तोतयालाही झालीच होती. तत्पूर्वीं कोंकण उध्वस्त व्हावयाचें तें झालें होतें.

म्हणून आपलें मोर्तब आपल्याच हातीं ठेवावें. ओटीपी म्हणजे क्षणभराचा शिक्का. तो मागणाऱ्याच्या हातीं देणें म्हणजे कोऱ्या कागदावर मोर्तब करून देणें होय. आधारच्या ठशांना कुलूप घालण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. ओळखपत्राची प्रत द्यावी लागली तर ती कोणत्या कामासाठीं दिली हें तीवर लिहावें. आणि भीति, लोभ किंवा हरपलेल्या माणसाची आशा दाखवून कोणी घाई करूं लागला, तर त्याच क्षणीं थांबून दुसऱ्या वाटेनें खातरजमा करावी. रत्नागिरीस एवढीच चौकशी प्रामाणिकपणें झाली असती, तर बंदिखान्याचें दार उघडलें नसतें.