तोरणाखालचा नंदी

तुझ्या मांत्रिकाला जादूचा सोबती हवाय. यादीत घुबड, मांजर, कावळा, वटवाघूळ, अगदी खेकडासुद्धा आहे; बैल तेवढा नाही. 1974मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढणाऱ्यांना वर्धा जिल्हा कोणी दाखवला नव्हता, दुसरं काय! तेव्हा आजचा डाव माझ्या नियमांनी. साल 1941, गाव सिंदी रेल्वे, पोळ्याचा दुसरा दिवस. तू आठ वर्षांचा आहेस.

पुरतं उजाडलेलं नाही. दाराशी लावलेले पळसाचे मेढे उचलून माणसं शिवेकडे निघालीत. खोकला, रोगराई, मच्छर सगळं घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगताहेत. तूही घसा ताणतोस.

काल खऱ्या बैलांचा मान होता. परवा संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-लोण्यानं मळले, काल झुली चढल्या, शिंगांना बेगड लागली. तुझ्या घरी बैल नाही. बाप सालदार, मालकाची गवळाऊ जोडी धरून तोच तोरणाखाली उभा होता. पांढरीशुभ्र, चिंचोळ्या तोंडाची, हलक्या अंगाची, पळायला चपळ. ही जात इथलीच, आर्वीकडची. सप्टेंबरअखेर जमनालाल बजाज वर्ध्यात गोसेवा संघ काढतील, पण ते तुला आज कुठून ठाऊक असणार?

आज तान्हा पोळा, पोरांचा, लाकडी बैलांचा. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी नागपुरात तो सुरू केला असं सांगतात. वाढ्यानं, म्हणजे सुतारानं, दिलेला नंदी तुझ्या हातात आहे. सागाचा, वीतभर उंच, खाली चार चाकं. मागचं डावं चाक करकरतं. वशिंडाखाली लाकडाची गाठ आलीय. ती झाकायला आईनं तिथंच कुंकवाचं मोठं बोट ओढलंय. मोरकी म्हणून लाल सुताचा पीळ.

खेळाच्या पुस्तकात सोबती बोलवायला तासभर लागतो, पितळी भांड्यात कोळसा, धूप आणि जडीबुटी जाळावी लागते. आलेला प्राणी हल्ला करत नाही, पण शंभर फुटांपर्यंत त्याच्या डोळ्यांनी बघता येतं. तुझ्या नंदीलाही हल्ला येत नाही. त्याची ताकद वेगळीच: ज्याच्या हातात त्याची दोरी, त्याला आज वावर किती एकर म्हणून कोणी विचारत नाही. काल पहिल्या मानावरून मोठी माणसं भांडली. आज सालदाराचं पोट्टं मालगुजाराच्या नातवाशेजारी रांगेत आहे. अर्थात नातवाचा नंदी गुडघ्याएवढा आहे आणि तो ओढायला गडी लागलाय. जादूलाही मर्यादा असतात.

दुपार कलते. आंब्याच्या पानांचं तोरण, घुंगरांचा गलका, धुरळा. रांग पुढे सरकते, तुझं चाक करकरतं, मागची पोरं हसतात. तोरणापाशी बसलेला म्हातारा आधी नंदीकडे बघतो, मग तुझ्याकडे.

“कोनाचा बे हा?”

“माहा.”

“मंग म्हन झडती. झडतीबिगर बोजारा नाई भेटत.”

झडती म्हणजे पोळ्याचं गाणं, बोजारा म्हणजे खाऊचे पैसे. तुला एकच झडती येते, आणि ती पुढच्या पोट्ट्यानं आत्ताच म्हणून टाकली.

काय करतोस?